शनिवारचे रोडगे

रोडगे शनिवारी ठरले आणि सगळा घोळ तिथेच झाला. मारोतीचे रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, शनिवारीच करायचे असतात, त्यात कोणाची चूक नव्हती. नांदुऱ्याला दातांचे डॉक्टरही शनिवारीच येत, दुपारी एक ते चार. त्यातही कोणाची चूक नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येतात, हे मंजुळाबाईंना आठ दिवसांपासून माहीत होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी सांगितलं ते सुनेने. सकाळी नऊच्या सुमारास, वावरात, सागर गोवऱ्या रचत असताना डिंपल दवाखान्याचं कार्ड घेऊनच आली.

"आई, आज तुम्हाले नांदुऱ्याले जा लागते. कार्डावर लिहेल हाय."

"पुढच्या शनिवारी जाईन." मंजुळाबाईंनी वर न पाहता सांगितलं. मग मुलाला म्हणाल्या, "सागर, वारा कुठून येऊन राह्यला पाह्य न बाबा. इकडून रचशीन तं सगळा धूर पंगतीत जाईन."

"हे पुढच्या शनिवारचं तुम्ही तीनदा म्हणून झालं," डिंपल म्हणाली.

तीनदा हे खरं होतं. पहिल्या शनिवारी शेजारच्या शाहजादीची लेक उमैमा बाळंत झाली आणि मंजुळाबाई दोन रात्री तिथेच राहिल्या. दुसऱ्या शनिवारी मोतीरामच्या घरी पापड होते आणि लाटायला बाया कमी पडल्या. तिसऱ्या शनिवारी तर काहीच नव्हतं. त्या चपला घालून ओट्यावर उभ्या होत्या. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या. कोणी हाक मारली होती, हे नंतर त्यांनाही आठवेना.

दिवाळीत शेवटचे चार दात काढले होते. मग माप झालं, मेणाचे दात बसवून पाहणं झालं, आणि पक्की कवळी तयार होऊन दवाखान्यात पडून राहिली. डॉक्टरांनी डिंपलला नीट समजावलं होतं. दात काढल्यावर हिरड्या बसत जातात. माप जुनं आणि तोंड नवं, असं फार दिवस चालत नाही. आज नाही आल्या तर सगळं पहिल्यापासून. डिंपल लग्नाआधी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकली होती. तिला ही गोष्ट एका वाक्यात कळली. घरात ती कोणाला कशी सांगावी, हे मात्र कळलं नव्हतं.

तीन महिने मंजुळाबाई भाकरी पाण्यात भिजवून गिळत होत्या. घरातल्यांना वाटे, बाईची भूकच कमी झाली.

"आज साठ माणूस जेवाले हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "मी काय दात लावाले जाऊ?"

"तीन महिने झाले, एक घास चावता येत नाई तुम्हाले," डिंपल म्हणाली.

मंजुळाबाईंचे यजमान शालिग्राम कडुनिंबाखाली कणीक चाळत बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी चाळणी जरा जोरात हलवायला सुरुवात केली.

यंदा रोडगे करायचे की नाही, यावर घरात पंधरा दिवस बोलणं चाललं होतं. गुलाबी अळीने दोन वेचण्यांतच कापूस संपवला होता. बोंड फोडावं तर आत अळी आणि काळी पडलेली सरकी. अर्ध्या गावाने नाताळाच्या आधीच कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकली. तेव्हा शालिग्रामच म्हणाले होते, "कापूस अळीनं खाल्ला, मारोतीनं नाई. रोडगे होतीन." ते वाक्य गावात फिरलं होतं आणि लोकांना आवडलं होतं. आता ते निभावायचं होतं.

रोडगे पुरुषांनी करायचे अशी रीत होती. कणीक पुरुषांनी मळायची, गोळे पुरुषांनी वळायचे, विस्तवात पुरुषांनी भाजायचे. या रीतीची दुसरी बाजू कोणी बोलत नसे. बाजूला मंजुळाबाई उभ्या राहत आणि सांगत जात. मोहन किती, गोवऱ्यांचा आर कधी पसरायचा, रोडगा कधी उलटायचा. मीठ तर त्याच आपल्या मुठीने टाकत. त्यांच्याशिवाय रोडगे कधी झालेच नव्हते. बायकोला तीन महिने चावता येत नाही, हे शालिग्रामांना आज कळलं, आणि तरीही त्यांच्या तोंडून 'जा' निघेना. याची त्यांना लाज वाटली. त्यांनी आणखी जोरात चाळलं.

"दात!" केसरबाई म्हणाल्या. शालिग्रामांची ही थोरली बहीण रोडग्यांसाठी कालच डोणगावहून आली होती आणि वांगी चिरत बसली होती. "या वयात दात? आपल्या मायनं ऐंशी वर्सं काढले. शेवटाले एक दात नोता. तिनं काय भाकर खाल्ली नाई?"

"तेच म्हणतो मी अक्का," मंजुळाबाई पटकन म्हणाल्या. आधार मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

डिंपलला राग आला. ती रागावली की तिचा आवाज बारीक होई.

"आई, एक विचारू? बीटी कपाशीच्या बियाच्या डब्यात ती छोटी पुडी येते, बिगर-बीटीची. ते कोठी पेरतात?"

"कडेनं. पाच ओळी," मंजुळाबाई म्हणाल्या. बाकीचं गाव ती पुडी बांधावर फेकून देई. बी फेकवत नाही म्हणून मंजुळाबाई तेवढ्या दरवर्षी पेरत.

"काऊन पेरतात?"

"अळीनं थ्या ओळी खाव्या म्हणून."

"मंग तुम्ही काय केलं? तुम्ही पूर्ण वावरात थेच पुडी पेरली! ज्याले भूक लागली त्यानं या अन् मंजुळाबाईले खा. अळीसाठी बी कडेच्या पाच ओळीच ठेवतात आई, मधलं वावर आपल्याले ठेवतात."

सागर गोवऱ्या टाकून हसायला लागला. शालिग्रामांची चाळणी थांबली. त्या पाच ओळींचं खरं कारण डिंपलने सांगितलं तितकं सरळ नव्हतं, आणि डिंपलला ते माहीतही होतं. पण भांडणात तिने ते सोडून दिलं.

मंजुळाबाईंनाही हसू आलं. "म्हणजे मले अळ्या लागल्या म्हणतं?"

"मी तं तसंच म्हणतो."

"अन् त्यातली एक तूच नं? काल चहा कोणं करून देला तुले?"

"म्हणूनच सांगून राह्यली. अळीच सांगून राह्यली, आता तरी ऐका."

केसरबाई हसल्या नाहीत. विळी बाजूला करून त्या उठल्या. "मंजुळे, इकडे ये जरासक."

उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग माणसाहून उंच होता. त्याच्या आड गेल्यावर केसरबाईंनी आधी मागे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे.

"काय झालं अक्का? चक्कर येऊन राह्यली काय?"

"चूप."

त्यांनी पाठ फिरवली. वळल्या तेव्हा त्यांचा वरचा ओठ आत गेला होता, नाक एकदम लांब दिसत होतं, आणि हाताच्या तळव्यावर दातांची अख्खी वरची रांग होती. गुलाबी हिरडीसकट.

मंजुळाबाईंनी तोंडावर हात घेतला. ओरडू नये म्हणून, की हसू नये म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही.

केसरबाईंनी दात परत बसवले, जिभेने चाचपले आणि मग बोलल्या. "बारा वर्सं झाले."

"अन् मघानी तुम्ही मायचं सांगत होत्या!"

"मंग काय सांगू? दाताची गोष्ट निघाली का लोकं एकमेकाच्या तोंडात पाहून राह्यतात. मी आपलं सांभाळलं." त्या ढिगाला टेकल्या. "तुले मालूम हाय, म्या काऊन लपवलं? तुहे भाऊजी जाऊन सहा महिने झाले होते. लोकं म्हणतीन, नवरा गेला अन् हिले दात सुचले. पोरीनं जबरदस्तीनं नेलं. घरी आल्यावर पयले काय खाल्लं म्या, सांग?"

"काय?"

"फुटाणे. दार लावून. रडत रडत पावशेर फुटाणे खाल्ले."

दोघी हसायला लागल्या. हसू दाबायच्या नादात मंजुळाबाईंना पऱ्हाटीची काटकी टोचली, तरी त्या हसत होत्या.

"पण अक्का, साठ माणूस…"

"तुले काय वाटते? तू नसली तं लोकं उपाशी घरी जातीन?"

मंजुळाबाईंनी टोचलेली काटकी मोडून टाकली. खरं म्हणजे त्यांना तसंच वाटत होतं. आणि ते वाटणं गोड होतं. कोणी हाक मारली की त्या गोडीसाठीही आपण जातो, ही गोष्ट त्यांच्या मनाला आज प्रथमच स्पर्शून गेली. ती फारशी आवडली नाही.

"म्या लपून केले," केसरबाई म्हणाल्या. "तू उजागर जा. अन् आता जर नाई म्हणशीन, तं पंगत बसली का मी मधात उभी राहून हे काढून दाखवतो."

"इज्जत तुमचीच जाईन."

"हाव. पण ते तुह्या डोक्यावर."

ढिगाआडून दोघी परत आल्या तेव्हा केसरबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मंजुळा नांदुऱ्याले जाऊन राह्यली. इथलं मी पाह्यतो." घडीभरात केसरबाईंचं मत कसं फिरलं, हे डिंपलला कळेना. तिने विचारलंही नाही.

शाहजादीचा नवरा जब्बार काळीपिवळी जीप चालवत असे. एक वाजता गाडी वावराशेजारच्या फाट्यावर उभी राहिली. शाहजादी पुढे आधीच बसली होती.

"तू कायले येतं व?" मंजुळाबाईंनी विचारलं. "घरी बाळंतीण हाय."

"बाळंतिणीजोळ तिची सासू आली. अन् मी तुह्यासाठी नाई येऊन राह्यली, मले शिलाई मशीनचा पट्टा घ्यायचा हाय. तुह्या दातासोबत पट्टा फुकटात येते." शाहजादीने सरकून जागा केली. "अन् आमची उमैमा रडून राह्यली होती. म्हणे, माझ्यामुळं मौसीचे दात राह्यले. आज नाई गेली तं थे पोरगी माह्यं डोकं खाईन."

गाडी निघाली तरी मंजुळाबाई खिडकीतून सूचना देत होत्या. "बारा किलो कणकीले पाच मुठी मीठ! सागरचे बाबा, पाच मुठी! अन् आर पसरवल्याबिगर रोडगे टाकू नका!"

"पाच मुठी!" शालिग्रामांनी हात वर करून पाच बोटं दाखवली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर त्यांनी बाह्या वर केल्या, परातीपुढे बसले आणि मिठाच्या डब्यात हात घातला. पाच मुठी. त्यांनी मोजून घातल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कणीक मळून झाली, गोळे वळून झाले, आर पसरला. पहिला रोडगा फोडून केसरबाईंनी चाखला, आणि त्यांचा चेहरा पाहून सागर पाणी आणायला धावला.

"शालिग्राम! समुद्र टाकला काय बे यात?"

"मोजून पाचच मुठी टाकल्या अक्का. तिनं सांगतल्या तेवढ्या."

डिंपल सासऱ्यांजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "मामाजी, मूठ दाखवा."

शालिग्रामांनी मूठ पुढे केली. पन्नास वर्षं वखर धरलेली मूठ होती ती. डिंपलने तिच्याशेजारी आपली मूठ धरली. मंजुळाबाईंची मूठ जवळपास तेवढीच, बारकी. गणित सगळ्यांना एकदमच कळलं. इतकी वर्षं घरातलं माप म्हणजे एका बाईचा हात होता, आणि आज ते माप नांदुऱ्याला गेलं होतं.

शालिग्राम घाबरले. साठ माणसं. त्यांनी बांधाकडे पाहिलं. लोक यायलाही लागले होते. अर्जुनराव पुढे, मागे पोरंसोरं.

"तोंड काय पाडतं?" केसरबाई म्हणाल्या. "डिंपल, वरणात मीठ टाकलं काय?"

"नाई अजून."

"टाकू नको. भाजीत बी नाई. कोणी कोरडा रोडगा खाऊ नये, सगळ्यायनं वरणात कुस्करून खा म्हणा. अन् सागर, आणखीन एक पातेलं दाळ शिजू घाल."

तसंच झालं. अळणी वरण, खारट रोडगा, वरून तूप. पंगतीत पहिला घास घेताना शालिग्रामांचं लक्ष अर्जुनरावांच्या चेहऱ्यावर होतं. अर्जुनरावांनी चावलं, थांबले, आणखी वरण घेतलं.

"शालिग्राम, यंदा वरण काहून इतकं गोड लागून राह्यलं हो?"

"यंदाचा माल हाय थो," शालिग्रामांनी ठोकून दिलं. केसरबाईंना इतकं हसू आलं की त्यांना पाठ वळवून तोंड धरावं लागलं.

नांदुऱ्याच्या दवाखान्यात सात जण बसले होते. मंजुळाबाईंचा नंबर पाचवा. भिंतीवरचं घड्याळ तीन वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. शाहजादी पट्टा घेऊन येऊन शेजारी बसली होती.

चौथा माणूस आत गेला तेव्हा पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उठून मंजुळाबाईंसमोर आले. "बाई, मले पुढं जाऊ देता काय? मी रोहिणखेडचा. गाडी चुकते माही."

मंजुळाबाई उठल्याच. मान हलवण्याआधी त्यांचे पाय उठले. शाहजादीने वर पाहिलं. ती मशीनचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

मंजुळाबाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दुखून राह्यलं काय तुम्हाले?"

"नाई नाई, दुखत नाई. दाखवाचं हाय फक्त."

"गाडी कितीची?"

"सव्वापाचची."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कोणीही काहीही मागितलं, तरी किती वाजता, किती वेळ, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे नाही म्हणणं, असं त्यांना वाटे. आता विचारलं तर समोरच्या माणसाने साधं उत्तर दिलं होतं. त्याला राग आला नव्हता.

"मंग लागतो तुमचा नंबर," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "माह्या मागं तुम्हीच. बसा इथं, टेका जरासक. वांगे हाय काय यंदा तुमच्या वावरात?"

गृहस्थ बसले. वांगी होती. भरताची होती. कपाशी मोडून लावली होती. त्यावर दोघांचं जे बोलणं सुरू झालं, ते कंपाउंडरने दोनदा नाव पुकारेपर्यंत थांबलं नाही.

डॉक्टरांनी कवळी बसवली, काढली, एका कडेला घासली, परत बसवली. "आता पन्नासपासून मोजा मोठ्यानं."

"पन्नास, एक्कावन्न, बावन्न…" पंचावन्नपर्यंत ठीक होतं. छप्पनला शिट्टी वाजली. दारात उभी असलेली शाहजादी पदरात तोंड घालून बाहेर पळाली. डॉक्टरांनी पुन्हा घासलं. पुन्हा पन्नासपासून. या वेळी छप्पन कोरडं गेलं, आणि मंजुळाबाई थांबा म्हणेपर्यंत मोजत राहिल्या, सत्तरपर्यंत.

"पहिले काही दिवस लहान घास, दोन्ही बाजूंनी, सावकाश," डॉक्टर म्हणाले आणि आरसा पुढे धरला.

आरशात त्यांना स्वतःआधी सागर दिसला. हनुवटी थेट त्याची होती. आपला मुलगा आपल्यासारखा दिसतो, हे त्या विसरल्याच होत्या.

उतरत्या उन्हात गाडी फाट्यावर आली तेव्हा पंगती उठल्या होत्या. मंजुळाबाई बांधावरून जवळजवळ पळतच आल्या. पातेली रिकामी. पत्रावळी गोळा केलेल्या. पोरं राखेत कोळशाने रेघा ओढत होती. अर्जुनराव जाता जाता म्हणाले, "वहिनी, वरण लय बेस झालं होतं." म्हणजे साठ माणसं जेवली होती. त्यांच्याशिवाय. त्या बांधावर क्षणभर उभ्या राहिल्या. मग खोचलेला पदर त्यांनी सैल सोडला.

"दाखव," केसरबाई म्हणाल्या. मंजुळाबाईंनी दाखवले. केसरबाईंनी जाणकारासारखं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "चांगले बसले. माह्या…" त्या थांबल्या. "माह्या डोणगावात असे कोणी बसवत नाई."

मिठाची गोष्ट सागरने सांगितली, डिंपलने सुधारली, आणि शालिग्रामांनी मूठ उघडून दाखवत कबूल केली. मंजुळाबाईंनी नवऱ्याचा हात आपल्या हातावर ठेवून पाहिला. "अगं माय," त्या म्हणाल्या, "हे तं पाचाचे नऊ होतात."

राखेत दोन रोडगे झाकून ठेवले होते. शालिग्रामांनी ते काढले, झटकले, एक फोडला, त्यावर बाजूला काढून ठेवलेलं वरण घातलं, तुपाची धार धरली, आणि ताट स्वतः बायकोसमोर ठेवलं. मग सगळे गोल करून बसले आणि पाहत राहिले.

"पंचनामा करून राह्यले काय माह्या तोंडाचा? तिकडे पाहा," मंजुळाबाई म्हणाल्या.

कोणी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी लहान घास घेतला. एका बाजूने चावला, मग दुसऱ्या. खरपूस कडा दातांखाली कुरकुरली, आणि तो आवाज त्यांना आतून, डोक्यात ऐकू आला. त्या सावकाश जेवल्या. मध्ये मोतीरामच्या बायकोने बांधावरून हाक मारली, "मंजुळाबाई, जरासक येता काय?" आणि केसरबाईंनी त्यांच्या वतीने तोंड उघडलंच होतं.

"जेवून राह्यली मी!" मंजुळाबाईंनीच ओरडून सांगितलं. "अर्ध्या घंट्यानं येतो!"

"बरं, या मंग निवांत," बांधावरून उत्तर आलं.

ताट रिकामं झालं. शालिग्राम ते उचलायला वाकले, पण मंजुळाबाईंनी ताटाची कड सोडली नाही.

"थो दुसरा कोणासाठी ठेवला?" त्यांनी विचारलं.

"थो? कोणासाठी नाई. उरला हाय."

"मंग वाढा न मले," त्या म्हणाल्या आणि ताट पुढे केलं. "अन् तूप जरा हात मोकळा करून टाका."